लाल ठिपक्याची शेपूट

मार्चमधली अमावास्या, वांगणीच्या पुढचं एक मोकळं शेत, आणि पश्चिमेला संधिप्रकाश अजून रेंगाळतोय. मेसिए मॅरेथॉन ज्यांनी एकदा तरी केली आहे त्यांना या वेळची घालमेल ठाऊक असेल. शार्ल मेसिए या फ्रेंच धूमकेतूशोधकाच्या नावाने चालणाऱ्या यादीतल्या ११० वस्तू एका रात्रीत पाहायच्या, आणि श्रीगणेशाच करायचा एम ७४ या मीन राशीतल्या भलत्याच फिक्या दीर्घिकेने. ती मावळायच्या आत सापडली तर सापडली. माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, तिच्यावर नेम धरायला नवाकोरा रेड डॉट फाइंडर आणि हातात जेमतेम पंधरा मिनिटं. फाइंडरच्या काचेतून पाहिलं, तर लाल ठिपक्याच्या जागी लाल स्वल्पविराम! वर उजवीकडे एक शेपूट, खाली डावीकडे दुसरी. यातलं कोणतं टोक ताऱ्यावर ठेवायचं?

एम ७४ गेली. पाठोपाठ एम ७७ही गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे हा फाइंडर माझा तिसरा होता. पहिला 'ठिपका फाटलेला आहे' म्हणून परत पाठवला होता, दुसराही त्याच तक्रारीवर. दुकानदाराने बिचाऱ्याने दोन्ही वेळा निमूटपणे बदलून दिले. तिसऱ्यालाही शेपूट दिसल्यावर मी शेजारच्या दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला म्हटलं, "बघ रे जरा, कसला भिकार माल पाठवतात." त्याने डोळा लावला आणि म्हणाला, "काका, ठिपका तर मस्त गोल आहे." मग त्याने मोबाइल काढला, काचेमागे धरला, फोटो घेतला. फोटोत टाचणीच्या टोकाएवढा नेटका लाल ठिपका. मला त्या क्षणी दोन्ही फाइंडरांची आणि दुकानदाराची माफी मागावीशी वाटली.

दोष माझ्या डोळ्यात होता. अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे आपण सगळे ज्याला 'सिलिंडरचा नंबर' म्हणतो तो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा सगळीकडे सारखा गोलाईचा असावा लागतो. तो चेंडूऐवजी चमच्यासारखा असला, एका दिशेने जास्त वाकडा आणि दुसऱ्या दिशेने कमी, तर एका बिंदूतून आलेला प्रकाश पुन्हा एका बिंदूत जमत नाही, रेघेसारखा पसरतो. 'स्टिग्मा' म्हणजे ग्रीक भाषेत बिंदू, आणि त्याला नकाराचा 'अ' लागलेला. बिंदू न होण्याचा आजार असलेल्या माणसाने नेमकं बिंदूवर चालणारं उपकरण तीनदा मागवावं, याला काय म्हणावं!

वर्तमानपत्र वाचताना, गाडी चालवताना हे मला कधी जाणवलं नव्हतं, त्याला कारण आहे. दिवसा बाहुली बारीक असते आणि प्रकाश मधल्या थोड्याशा भागातूनच आत जातो, त्यामुळे वाकडेपणा लपतो. अंधारात तीच बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते आणि सगळा चमचा कामाला लागतो. त्यात काळ्या आभाळावर झगझगीत लाल ठिपका, म्हणजे दोष दाखवायला याहून चांगली परीक्षा नाही. रेड डॉटमध्ये एक छोटा एलईडी असतो. वाकड्या काचेवरून परावर्तित होऊन त्याचे किरण एकमेकांना समांतर डोळ्यात येतात, म्हणून ठिपका ताऱ्याइतकाच लांब भासतो. याचा अर्थ असा की तो दिसायला लांबचा नंबर लागतो, जवळचा नाही. आणि मी नाकावर काय चढवलं होतं? लोकलमधल्या फेरीवाल्याकडून घेतलेला वाचायचा चष्मा. त्या चष्म्यात सिलिंडर नसतोच, आणि लांबचं तर तो उलट बिघडवतो.

खरा गुन्हा त्याहून जुना. दहा वर्षांपूर्वी चष्म्याच्या दुकानात तपासताना "सिलिंडर अर्धाच आहे, काढून टाकू का, पैसे वाचतील" असं विचारलं गेलं आणि मी आनंदाने मान डोलावली. आता तोच नंबर सव्वापर्यंत गेला होता. कागदावर तो स्वच्छ लिहिलेला होता, मी त्या रकान्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

फाइंडर परत पाठवण्याआधी करायच्या गोष्टी सांगतो, कारण त्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. मोबाइलचा फोटो ही पहिली. दुसरी आणखी सोपी: ठिपक्याकडे बघत मान तिरकी करा. शेपूट मानेबरोबर फिरली तर ती तुमची. मान स्थिर ठेवून फाइंडर फिरवल्यावर शेपूट फिरली तर ती फाइंडरची, आणि मग खुशाल भांडा. तिसरी, पत्त्याच्या पानाला सुईने भोक पाडून त्यातून पाहा. ठिपका आवळला तर तो डोळ्याचाच मामला. अगदी काहीच हाताशी नसेल तर अरुंधतीला विचारा: सप्तर्षींतल्या वसिष्ठापासून ती वेगळी दिसते का? वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात सुमारे बारा कलांचं अंतर आहे, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी. माझा लाल स्वल्पविराम त्या दोघांनाही एकदम गिळत होता.

अरुंधतीवरून आठवलं, आपल्याकडचा अरुंधतीदर्शनन्याय म्हणजे फाइंडरचंच शास्त्र आहे. फिकी तारका थेट दाखवायची नाही, आधी शेजारची ठसठशीत दाखवायची आणि तिथून बोट सरकवायचं. मात्र बोटाचं टोकच पसरट असेल तर न्याय कसा होणार?

दुर्बिणीलाही मी असंच छळलं होतं, हेही कबूल करून टाकतो. पंचवीस मिलिमीटरच्या आयपीसमध्ये तारे कुरतडलेले दिसायचे म्हणून अर्धी रात्र आरशाचे स्क्रू पिळत बसलो होतो. दहा मिलिमीटरचा लावला की तेच तारे शहाणे व्हायचे, हे कोडं काही उलगडत नव्हतं. उत्तर साध्या भागाकारात आहे. माझी दुर्बीण एफ ६ ची. पंचवीसला सहाने भागलं की जवळजवळ सव्वाचार मिलिमीटर जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो, दहाला भागलं की दीडच्या थोडा वर. बारीक झोत, लपलेला दोष. फोकसची कडी फिरवून साधा नंबर भरून निघतो, सिलिंडर निघत नाही. त्यासाठी कमी शक्तीच्या निरीक्षणात चष्मा लावावाच लागतो, आणि चष्मा लावायचा तर आयपीसपासून डोळा पंधरा-वीस मिलिमीटर दूर ठेवता आला पाहिजे. साध्या दहाच्या प्लॉसल आयपीसमध्ये डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागतो, तिथे चष्म्याला जागाच उरत नाही. पण तिथे त्याची गरजही फारशी नसते.

या दोषाच्या इतिहासात आपलीच जमात पुढे आहे, एवढा दिलासा. थॉमस यंगने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मोजला. त्यावर उपाय केला तो जॉर्ज बिडेल एअरीने, म्हणजे जो पुढे ग्रिनिचचा राजखगोलशास्त्रज्ञ झाला त्याने. आपला डावा डोळा बिंदूचं रेघेत रूपांतर करतो हे त्याने कार्डाला टोचलेल्या भोकाकडे पाहून ओळखलं आणि १८२५ मध्ये इप्सविचच्या एका चष्मेवाल्याकडून दंडगोलाकार भिंग घासून घेतलं. आपल्या नंबराच्या कागदावरचा 'सिलिंडर' तो हाच.

आता निवडीचं. ठिपक्यापेक्षा वर्तुळं घ्या. टेलरॅड नावाच्या फाइंडरमध्ये अर्धा, दोन आणि चार अंशांची तीन लाल वर्तुळं आकाशावर पडतात. त्यांच्याही रेघा माझ्या डोळ्याला जाड दिसतात, नाही असं नाही, पण पसरलेल्या वर्तुळालाही मध्य असतो आणि तो नजरेला आपोआप सापडतो. पसरलेल्या ठिपक्याचा मध्य शोधताना आपण दरवेळी वेगळ्या जागी फसतो. शिवाय अर्ध्या अंशाचं वर्तुळ म्हणजे चंद्राएवढं, त्यामुळे नकाशाशी ताळमेळ घालता येतो. तोटे आहेत: अवजड डबा, दवाने धुरकटणारी काच, आणि स्वस्त फाइंडरच्या कैकपट किंमत. मात्र तो पेन्सिल सेलवर चालतो आणि ते वांगणी स्टेशनबाहेरही मिळतात. रेड डॉटचा बटणासारखा सेल रात्री अकराला मेला की संपलं.

ठिपकाच घ्यायचा तर उजेड किती खाली येतो ते अंधाऱ्या खोलीत तपासून घ्या. स्वस्तातले काही फाइंडर सर्वांत मंद पातळीवरही डोळ्यात खुपतात. ठिपका जेमतेम दिसेल इतका मंद केला की शेपट्या पुष्कळशा विझतात. हिरवा ठिपका घेतल्याने सिलिंडर जाईल अशी आशा मात्र कोणी दाखवली तर ऐकू नका, वर अंधाराला सरावलेली नजर जाते ती वेगळीच. उलट, आठ गुणिले पन्नासचा काचेचा फाइंडर चांगला सोबती. त्यातही तारे पसरट दिसतील, पण जास्त तेजस्वी दिसतील, आणि पसरट तारा फुलीच्या मध्यावर आणता येतो.

ह्यूस्टनला राहणारा माझा भाचा नेमबाजीच्या रेंजवर जातो. त्यालाही हाच घरगुती वारसा मिळालेला, त्यामुळे त्याच्या बंदुकीवरच्या ठिपक्यालाही शेपूट. ही जातच मुळी बंदुकीची, स्वीडनच्या एमपॉइंटने पहिला इलेक्ट्रॉनिक रेड डॉट १९७५ मध्ये काढला. मामाचा सल्ला त्यालाही लागू पडला: आधी चष्मा, मग उजेड कमी, मग खरेदी. त्याच्या रायफलसाठी प्रिझम साइट चालून गेली. तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि आयपीस नंबराप्रमाणे फिरवता येतो. पिस्तुलाला ती चालत नाही, डोळा ठरावीक अंतरावरच धरावा लागतो.

मी स्वतः शेवटी काय केलं? आकाशासाठी वेगळा चष्मा. फक्त लांबचा नंबर, सिलिंडरसकट, प्रोग्रेसिव्ह अजिबात नाही, कारण वर-खाली वाकून बघताना प्रोग्रेसिव्हचा नको तो भाग डोळ्यासमोर येतो. त्याची दांडी वाकणार नाही याची काळजी घेतो. सिलिंडरला दिशा असते, आणि ती तीस अंशांनी चुकली तर चष्मा लावून न लावल्यासारखाच. डबीवर जाड अक्षरांत लिहिलंय: 'वाचायला घेऊ नये.' बायको तो मटार सोलायला घेते.

पुढच्या मार्चमध्ये टेलरॅड लावून, नवा चष्मा घालून त्याच शेतात उभा राहिलो. तिन्ही वर्तुळं रेखीव, मीन राशीतला, त्या दीर्घिकेजवळचा तारा मधल्या वर्तुळात बरोबर बसलेला, आयपीसमध्ये एम ७४ असायलाच हवी होती. क्षितिजावर बदलापूरचा उजेड आणि वणव्याचा धूर. शेजारच्या पोराला विचारलं, त्यालाही दिसत नव्हती.