अडलेल्या जागांची वही

बारावी सायन्सनंतर माझं शिक्षण सुटलं. लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले आणि मुलगी शाळेत रुळल्यावर, वयाच्या 38व्या वर्षी, इथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. हायस्कूलला रसायनशास्त्र शिकवायचं, एवढं पक्कं होतं. तीन वर्षांत जे उमगलं ते याच वाटेला लागणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

1. वाट शेवटाकडून आखा. इथे शिक्षक व्हायचं तर चार वर्षांची पदवी लागते. विषयाची तयारी सीसेट परीक्षेने किंवा मान्य अभ्यासक्रमांनी दाखवावी लागते. शिवाय शिक्षक-प्रशिक्षण आणि त्यात किमान 600 तासांचा सराव. पदवीची पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात होतात, तीही राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे 46 डॉलर फीमध्ये. मात्र इथला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो, ते 'असिस्ट' या संकेतस्थळावर आधी बघा. मी एक विषय न बघताच घेतला. तो पुढे धरलाच गेला नाही.

2. कच्च्या गणिताची लाज धरू नका. 'पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते' हे मला पाठ होतं. दहापटच का, ते सांगता येत नव्हतं. लॉगॅरिदम पुन्हा पहिल्यापासून शिकले, तेव्हा कुठे त्या वाक्यात अर्थ आला.

3. घाई हाताला कळते. टायट्रेशनच्या पहिल्या दिवशी फ्लास्कमधलं द्रावण एकदम गडद गुलाबी झालं. ब्युरेटची तोटी मी क्षणभर जास्त उघडी ठेवली होती. बाईंनी फक्त फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवला आणि म्हणाल्या, "आता थेंब थेंब सोड." तिसऱ्या खेपेला अर्धा थेंब तोटीच्या टोकाशी धरून काचेला टेकवला, पाण्याने आत उतरवला. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. शिकवताना मुलांच्या हाती तोटी द्यायची आणि आपण कागद सरकवायचा, हे मी तिथे ठरवलं.

4. उत्तर देण्याआधी ऐका. कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये मी मदतनीस होते. रात्रपाळी करून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, "मोल म्हणजे वजन की संख्या?" मी व्याख्या घडाघडा म्हटली. तो गप्प बसला. मग विचारलं, "तुला काय वाटतं?" त्याच्या मनातला गोंधळ तेव्हा बाहेर आला. मला आमच्या गावचं हार्डवेअरचं दुकान आठवलं. तिथे खिळे कोणी मोजत नाही, तोलतात. एका खिळ्याचं वजन ठाऊक असेल, तर तोललं की मोजल्यासारखंच. अणूंचंही तसंच: 27 ग्रॅम ॲल्युमिनियम तोललं की एक मोल अणू मोजून झाले. "म्हणजे तराजू मोजतो!" तो म्हणाला. माझ्या व्याख्येपेक्षा त्याचं वाक्य सरस होतं.

5. डोळे दिपवणारा प्रयोग नाकारायला शिका. मिथेनॉल पेटवून ज्वालांचे रंग दाखवण्याच्या प्रयोगात अमेरिकेतल्या शाळांत मुलं भाजली आहेत. वाफ पेटते आणि आग उलटी बाटलीकडे धावते. तेच रंग क्षारांच्या पाण्यात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरवर धरूनही दिसतात. मुलांच्या टाळ्यांपेक्षा त्यांचे डोळे जपणं मोठं.

6. अडलेली जागा लगेच लिहून ठेवा. एकदा समजलं की आपल्याला ते समजत नव्हतं हेच आपण विसरतो, आणि मग समोरच्याची अडचण दिसेनाशी होते. म्हणून मी एक वही ठेवली: काय अडलं, का अडलं, कशाने सुटलं. पहिल्याच पानावर त्या गडद गुलाबी फ्लास्कची नोंद आहे.

पुढच्या महिन्यात विद्यापीठात जाते आहे. कॉलेजची पुस्तकं धाकट्या विद्यार्थ्यांना देऊन टाकली. वही मात्र ठेवली.