आईसाठी छापील पुस्तक की ई-रीडर?

प्रश्न : आईचं वय ७२. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला बारीक टाइप वाचवत नाही. ई-रीडर घेऊन द्यावा का?

उत्तर : जरूर द्या, पण तिचं कपाट रिकामं करू नका. कादंबरी सलग वाचायची असते. तिथे अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं हा मोठाच दिलासा. किंडलवर २०१६पासून मराठी पुस्तकं मिळतात. मात्र जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ टाळा. त्यात पानाचं नुसतं चित्र असतं. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ज्ञानेश्वरी, पाककृती, कोश अशी मागेपुढे चाळायची पुस्तकं छापीलच बरी. ज्ञानेश्वरी तर मोठ्या टाइपातही मिळते. आणि वाचून झालेलं ई-बुक शेजारच्या काकूंना देता येणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा.