हवेचा ब्रेक

मालानें भरलेला अवजड ट्रक थांबवून चालकानें ब्रेकवरील पाय उचलला म्हणजे "फुस्स" असा आवाज ऐकूं येतो. हा आवाज आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा असेल. परंतु त्यामागील रचना थोड्यांनाच ठाऊक असते. तिचें थोडक्यांत वर्णन करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

लहान मोटारींत चालकाच्या पायाचा दाब तेलाच्या द्वारें चाकांपर्यंत पोंचतो. वीस-पंचवीस टनांच्या ट्रकास तो जोर पुरत नाहीं. म्हणून तेथें दाबलेल्या हवेचें साहाय्य घेतात. इंजिनाच्या जोरावर चालणारा कॉम्प्रेसर हा पंप बाहेरील हवा ओढून लोखंडी टाक्यांत कोंबतो. दाब दर चौरस इंचास सुमारें १२० पौंड झाला म्हणजे एक साधन पंपाचें हवा भरणें थांबवितें. चालकानें पेडल दाबलें कीं ही हवा नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळील चेंबरांत शिरते. तेथील रबरी पडदा तिच्या जोरानें पुढें सरकतो. त्यास लागलेला दांडा तरफ फिरवितो. आणि तरफेच्या योगानें ब्रेक-शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आंतून दाबले जातात. पडद्याचें क्षेत्रफळ ३० चौरस इंच व दाब १०० पौंड धरला, तर दांड्यावर ३,००० पौंडांचा, म्हणजे सुमारें १,३६० किलोग्रॅमचा जोर पडतो. पायानें केवळ झडप उघडावयाची. श्रम हवा करिते.

येथें सहजच शंका येईल कीं, नळी फुटून हवा निघून गेली तर काय? जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्या अमेरिकन संशोधकानें १८६९ सालीं आगगाडीच्या हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें, त्या रचनेंत हाच दोष होता. नळी तुटली कीं ब्रेक निकामी! १८७२ सालीं त्यानें ती रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखालीं स्वतंत्र टाकी ठेवून, मुख्य नळींतील दाब उतरला म्हणजेच ब्रेक लागावे अशी योजना केली. त्यामुळें मागील डबे तुटून वेगळे झाले, तरी त्यांचे ब्रेक आपोआप लागूं लागले.

हेंच तत्त्व आजच्या ट्रकांत दुसऱ्या रूपानें आढळतें. मागील चाकांच्या चेंबरांत एक बळकट स्प्रिंग असते, व हवेचा दाब तिला आवळून ठेवितो. हवा निघून गेली कीं स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतात. शिवाय नळ्यांचे दोन स्वतंत्र भाग केलेले असतात. एक बिघडला तरी दुसरा काम देतो. दाब फार उतरूं लागल्यास चालकास दिव्यानें किंवा आवाजानें इशाराही मिळतो.

परंतु ही रचना हवेच्या तोट्यापासून रक्षण करिते, निष्काळजीपणापासून नव्हे. हवेंतील ओलावा टाक्यांत पाण्याच्या रूपानें सांचतो. तो काढला नाहीं तर झडपा गंजतात. शू झिजून ड्रमपासूनचें अंतर वाढलें, तर दांड्याची धांव अपुरी पडते. सर्वांत मोठा धोका घाटांतला. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतांना चालक सारखा ब्रेक दाबून राहिला, तर घर्षणानें ड्रम तापून प्रसरण पावतो व शूपासून दूर सरतो. तापलेल्या शूची पकडही ढिली होते. अशा वेळीं टाकींत हवा भरपूर असूनही गाडी आवरत नाहीं. म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वींच खालचा गियर घालितो. इंजिनच गाडीस मागें धरितें, आणि ब्रेक खऱ्या गरजेसाठीं थंड राहतात.

आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. पेडल दाबल्यावर हवेस चाकांपर्यंत पोंचावयास कांहींसा अवधि लागतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाचा ट्रक अर्ध्या सेकंदांत ८ मीटरांहून अधिक अंतर तोडतो, आणि तेवढ्या अवधींत त्याचा वेग मुळींच कमी झालेला नसतो. ब्रेक लागल्यावरही एवढें ओझें थांबावयास बरेंच अंतर लागतें. तेव्हां ट्रक आपणांस पाहून थांबेल अशा भरंवशावर सायकल त्याच्या पुढें घालूं नये, व रस्ताही ओलांडूं नये. चालक कितीही दक्ष असला, तरी हवेचा व ओझ्याचा नियम त्याच्या इच्छेनें बदलत नाहीं.