संतत सूत्र आणि पूर्णांकी उत्तर

मराठी वाचकांना तंजावूर आठवते ते सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे. याच जिल्ह्यातील कुंभकोणम येथे श्रीनिवास रामानुजन (१८८७-१९२०) यांचे शालेय शिक्षण झाले. संतत गणित आणि विविक्त गणन यांचे नाते समजून घेण्यासाठी त्यांच्या विभाजनविषयक कार्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते, ती तिची विभाजनसंख्या. ४ ची विभाजने पाच : ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. प्रश्न निव्वळ मोजणीचा, म्हणजे विविक्त आहे. १० साठी उत्तर ४२ येते. १०० साठी मात्र ते १९,०५,६९,२९२ इतके होते. येथे एकेक प्रकार लिहून मोजणे अशक्यच.

ऑयलर यांच्या सूत्राने आधीच्या विभाजनसंख्यांवरून पुढची काढता येते. त्यात केवळ बेरीज-वजाबाकी असल्याने पूर्णांकनाचा दोष शिरत नाही. परंतु एका ठिकाणी झालेली चूक पुढील सर्व उत्तरांत उतरते. मॅकमहॉन यांनी याच मार्गाने २०० पर्यंतचे कोष्टक हाताने तयार केले.

हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेला मार्ग अगदी वेगळा होता. संमिश्र चलाच्या संकलनातून त्यांनी जे सूत्र काढले, त्यात पाय, वर्गमुळे आणि घातांकी फल येतात. पूर्णांकाचा मागमूसही दिसत नाही. १०० साठी पहिले पद १९,०५,६८,९४४.७८३ येते. पुढील पाच पदे अनुक्रमे ३४८.८७२, -२.५९८, ०.६८५, ०.३१८ आणि -०.०६४ आहेत. सर्वांची बेरीज १९,०५,६९,२९१.९९६. उत्तर पूर्णांकच असणार हे आधीच ठाऊक असल्याने दोष अर्ध्याहून कमी असला की जवळचा पूर्णांक घेणे पुरेसे ठरते. २०० साठी आठ पदांनी ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४ हे मूल्य दिले आणि ते मॅकमहॉन यांच्या कोष्टकाशी जुळले.

विद्यार्थ्यांनी येथे एक बाब ध्यानात ठेवावी. जितकी पदे अधिक, तितकी अचूकता अधिक, हा समज या सूत्राला लागू पडत नाही. ही श्रेणी अनंतापर्यंत नेल्यास अपसारी ठरते, असे लेमर यांनी १९३७ मध्ये दाखविले. म्हणजे कोठे थांबावे हा सूत्राचाच भाग आहे. त्याच वर्षी राडेमाखर यांनी सूत्रात फेरफार करून अभिसारी श्रेणी मिळविली.

संगणकाने ही अडचण संपली, असेही नाही. दशांश संख्यांसाठी रूढ असलेल्या दुहेरी अचूकतेच्या पद्धतीत २ च्या ५३ व्या घातापलीकडचे सर्वच पूर्णांक अचूक साठवता येत नाहीत. ३०० ची विभाजनसंख्या सोळा अंकी असून ती ही मर्यादा ओलांडते. तेथे सूत्र निर्दोष असूनही अखेरचा अंक चुकू शकतो. अधिक अंक राखूनच आकडेमोड करावी लागते.