एसएसडी घेण्याआधी : सईला पत्र

चि. सईस,


तू पाठवलेली पार्ट्सची यादी नीट वाचली. रायझन ५ ५६००जी, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, पुढे कधीतरी ग्राफिक्स कार्ड. इथपर्यंत सगळं जुळतंय. एसएसडी मात्र तू पीसीआयईच्या पाचव्या पिढीचा निवडलास, १ टीबीचा, सेकंदाला १२,००० एमबी वाचणारा. तो घेऊ नकोस. तेवढ्या पैशांत तुला जास्त उपयोगाची वस्तू मिळेल.

आधी तुझ्या मशीनपुरतं बोलते. ५६००जी हा प्रोसेसर पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो. बी५५० बोर्डाच्या खोक्यावर ‘जेन ४’ छापलेलं असतं, पण ते साध्या ५६०० किंवा ५६००एक्ससारख्या प्रोसेसरसाठी. तुझ्याकडे कितीही वेगवान एसएसडी लावलास तरी तो ३,५०० एमबीच्या आसपास अडणार. म्हणून ऑर्डर देण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उतरवून घे आणि स्टोरेजचं पान वाच. दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवला की बऱ्याच बोर्डांवर साटाचे एकदोन पोर्ट बंद होतात. जुनी हार्ड डिस्क तू त्यातल्याच एखाद्यावर लावणार आहेस, तेव्हा हेही तिथेच कळेल.

आता तू विचारशील, पुढे प्रोसेसर बदलला तर? तरीही माझं मत तेच. खोक्यावरचा मोठा आकडा सलग वाचण्याचा असतो, म्हणजे एकच भलीमोठी फाइल एका दमात वाचली तर. गेम लोड होताना मात्र हजारो लहान तुकडे इथून तिथून उचलावे लागतात. वाण्याकडून गव्हाचं एक पोतं उचलणं वेगळं आणि पन्नास जिनसांच्या पुड्या बांधून घेणं वेगळं. चार-चार केबीचे विखुरलेले तुकडे एकामागून एक मागितले, तर ७,००० एमबीचा दावा करणारा एसएसडीसुद्धा शंभराच्या आसपास घुटमळतो. शिवाय आलेला डेटा दाबून भरलेला असतो. तो उलगडायचं काम बहुतेक गेममध्ये अजून प्रोसेसरच करतो. त्यामुळे हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलीस की फरक डोळ्यांत भरतो, पण साध्या साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर, म्हणजे पीसीआयईवर चालणाऱ्या एसएसडीवर, गेलीस तर बहुतेक गेममध्ये एकदोन सेकंदच वाचतात. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज हे तंत्र ही स्थिती बदलू पाहतंय. जानेवारी २०२३ मध्ये ‘फोरस्पोकन’ हा ते वापरणारा पीसीवरचा पहिला गेम आला. त्यानंतरही असे गेम मोजकेच आहेत.

एसएसडी हवाच, याबद्दल वाद नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘स्टारफील्ड’ दोन्ही एसएसडी मागतात, आणि जागा किती मागतात ती बघ: पहिला १५० जीबी, दुसरा १२५. तुझा १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसेल. त्यातून विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअरं वजा कर, ड्राइव्ह मंदावू नये म्हणून थोडी जागा मोकळी सोड, की असे चारपाच गेम बसले न बसले. मग एक काढ, दुसरा घाल, आणि पुन्हा शंभर जीबीचं डाउनलोड. म्हणून पाचव्या पिढीच्या १ टीबीऐवजी तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा २ टीबी तुझ्या बजेटमध्ये बसतो का बघ. नाही बसला, तर त्याच पिढीचा १ टीबी घे आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेव.

आता ज्याकडे दुकानात कुणी लक्ष देत नाही ते सांगते: आतली चिप टीएलसी आहे की क्यूएलसी. टीएलसीच्या एका सेलमध्ये तीन बिट मावतात, क्यूएलसीच्या चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिच्यावर लिहिणं संथ असतं. हे झाकायला ड्राइव्ह आपल्याच मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता वेगवान करून वापरतो. ती जागा भरली की काही क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जातो. जुन्या डिस्कवरून सगळे गेम एकदम हलवायला घेशील, तेव्हा हा फरक तुला दिसेल. तपशिलाच्या कागदावर टीबीडब्ल्यू, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टीबी लिहिता येईल याचा कंपनीने दिलेला आकडा, बघ: १ टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला तो ६०० च्या आसपास असतो, क्यूएलसीला बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याहून कमी. घरच्या वापराला दोन्ही पुरतात. पण टीबीडब्ल्यू फारच कमी दिसला तर आत काय आहे ते ओळखता येतं. वॉरंटी पाच वर्षांची बघ. वेगळा डीरॅम नसला तरी गेमिंगला चालतं. असे ड्राइव्ह संगणकाची थोडी रॅम उसनी घेतात.

दादा लॅमिंग्टन रोडला जाणार असेल तर त्याला सांग, जीएसटीचं पक्कं बिल घे आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घे. तो नंबर दुकानातच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते पाहायचं.

बसवताना घाई करू नकोस. प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट वापर. ड्राइव्ह तिरका धरून खाच जुळव आणि पूर्ण आत जाऊ दे. सोनेरी दातांची कड अगदी जराशीच दिसायला हवी. मग तो हलक्या हाताने खाली दाबून टोकाचा बारीक स्क्रू लाव. तो स्क्रू बहुधा बोर्डाच्या खोक्यात वेगळ्या पुडीत असतो, खोकं टाकून देऊ नकोस. बोर्डाचा हीटसिंक लावणार असशील तर त्याच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म आधी सोल. ती तशीच राहिली तर उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचत नाही आणि ड्राइव्ह तापून मंदावतो.

विंडोज चढली की गेम टाकण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्ह तपासणारा प्रोग्रॅम चालव. चालू राहिल्याचे तास आणि एकूण लिहिलेला डेटा, दोन्ही आकडे अगदी किरकोळ हवेत. तास शेकड्यांत दिसले तर तो ड्राइव्ह नवा नाही; त्याच दिवशी परत कर. त्या पडद्याचा फोटो मला पाठव, मी बघून सांगते.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या