आजीचं चित्र काढून घेताना

चि. मुक्तास,


आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिचं हाताने रंगवलेलं व्यक्तिचित्र द्यायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. चित्रकाराने पाठवलेली पर्यायांची यादीही मिळाली. माध्यम, आकार, पार्श्वभूमी, दागिने, फ्रेम. कशावर खूण करू, असं तू विचारतेस. माझा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला, तेव्हा हक्काने सांगतो. त्या यादीत जो पर्याय नाही, तोच मला सगळ्यात मोलाचा वाटतो: आजीला चित्रकारासमोर बसव.

तू तिचा लग्नातला काळा-पांढरा फोटो पाठवणार आहेस. फोटोवरून चित्र करून घेण्याची वेळ आपल्यावर माणूस गेल्यावर येते, तेव्हा दुसरा इलाज नसतो. आजी तर आपल्यात आहे, रोज सकाळी पेपर वाचते. शिवाय त्या काळचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा गुळगुळीत करत. तो फोटो बघून चित्रकार काय रंगवणार? त्वचेचा रंग अंदाजाने, शालूचा रंग अंदाजाने, आणि डोळ्यांतला भाव फोटोग्राफरने 'हलू नका' म्हटल्यावर आलेला. फोटोतली ती मुलगी तू पाहिलेली नाहीस, मीही नाही. तुला हवी आहे ती तुला भाकरी करून घालणारी आजी.

समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पहिली दहा मिनिटं अवघडलेला असतो, मग सैलावतो. ऐकताना आजी मान जराशी डावीकडे कलवते, बोलायच्या आधी ओठ क्षणभर मिटते. या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात तेव्हाच चित्रकाराच्या हाताला सापडतात. नाक-डोळे तंतोतंत जुळूनही माणूस परका वाटतो, अशी चित्रं मी खूप पाहिली आहेत.

तू पुण्यात आहेस, तर एकदा बालगंधर्व रंगमंदिरात जाऊन गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं नीट बघ. एक पुरुषवेशातलं, दुसरं स्त्रीभूमिकेतलं. आधी लांबून बघ, मग जितकं जवळ जाता येईल तितकं जा. माणूस एकच, पण दोन्ही रूपं एका कॅनव्हासवर दाटीवाटीने बसवलेली नाहीत. म्हणून यादीतला 'तरुणपण आणि म्हातारपण एकत्र' हा पर्याय आधी खोडून टाक. फोटोतला उजेड एका बाजूने आलेला, समोरच्या चेहऱ्यावरचा दुसऱ्या. दोन्ही एकत्र केले की चित्र चिकटवल्यासारखं दिसतं.

आजीचं वय बघता एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये. मध्ये चहा, थोडी चक्कर, मग पुन्हा. हातांची खुर्ची हवी, उजेड एकाच खिडकीचा हवा, आणि दर दिवशी वेळ तीच ठेवावी, नाहीतर सावल्या जागा बदलतात. अशा दोन-तीन सकाळी मिळाल्या, तर बाकीचं काम चित्रकार त्याच उजेडात स्वतः काढलेल्या फोटोंवरून करू शकेल. फोटो तुलाच काढावे लागले, तर सहा-सात फूट मागे उभी राहा आणि झूम कर. मोबाईल तोंडाजवळ नेला की नाक मोठं येतं, कान मागे जातात. चेहरा उजळ करणारं ते फिल्टर बंद ठेव. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नकोस, बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठव.

माध्यमाचं म्हणशील, तर आधी चित्रकाराला विचार की त्याचा हात कशात जास्त बसला आहे. जलरंग हलके, तैलरंग भारी, असं काही नसतं. सावळाराम हळदणकरांचं दिव्याच्या उजेडातल्या मुलीचं चित्र, जे म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे, ते जलरंगातलं आहे. तरीही आजीसाठी मी तैलरंगच म्हणेन. थरावर थर देता येतो, चुकलेलं दुरुस्त करता येतं, आणि तिच्या सुरकुत्यांखालचा तो तांबूस उजाळा तैलरंगात छान धरता येतो. मात्र तेलाला वाळायला वेळ लागतो, पावसाळी हवेत आणखी. शेवटचं व्हार्निश साधारण सहा महिन्यांनी देतात, तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी चित्र व्हार्निशशिवाय असेल, त्याची चिंता करू नकोस. बजेट कमी पडलं तर तैलरंगाचा स्वस्त पर्याय शोधण्यापेक्षा चांगला चारकोल घे. कॅनव्हासवर फोटो छापून वरून रंगाचे फटकारे मारणारेही असतात. म्हणून कच्चं रेखाटन, पहिला थर, असे टप्प्याटप्प्याने फोटो मागून घे. जाणता चित्रकार त्याचा राग मानत नाही.

यादीतला छत्तीस बाय अठ्ठेचाळीस इंचांचा आकार नको. माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम नऊ इंच असतं. घरातल्या भिंतीवर त्याहून मोठा चेहरा अंगावर येतो. वीस बाय चोवीसमध्ये अर्धाकृती घे, हातांसकट. हातांचे जास्त पैसे पडतात, ते दे. हात काढणं अवघड असतं आणि आजीचे हात चेहऱ्याइतकेच तिचे आहेत.

चित्रात कोल्हापुरी साज दाखवायची कल्पना सोड. लग्नकार्याखेरीज तो तिच्या गळ्यात कधी नसतो, आणि साजाची २१ पानं रंगवण्यात जाणारा वेळ मला चेहऱ्यावर गेलेला हवा आहे. रोजची इरकल, कुंकू, चष्मा. चष्मा अजिबात काढू नकोस, चकाकी येऊ नये म्हणून चित्रकार तो थोडा खाली झुकवेल. मागे साधा गडद रंग असू दे. ढग, देऊळ, फुलं काही नको. फ्रेम सागाची, बारीक. तैलचित्राला काच लागत नाही, पण पावसाची ओल येणाऱ्या भिंतीवर ते लावू नये.

व्यवहार लिहून घे: आकार, किती बैठका, इसारा किती, कुठल्या टप्प्यावर दुरुस्ती सांगायची. दुरुस्ती रेखाटनातच सांगावी आणि ती तू एकटीने सांगावीस. रेखाटन घरच्या ग्रुपवर टाकलंस, तर कुणाला ती गोरी हवी असेल, कुणाला हसरी, आणि चित्रकार सगळ्यांना खूश करता करता आजीला हरवून बसेल.

राहता राहिली आजी. 'आता या वयात माझं कसलं चित्र' असं ती म्हणणारच. ते माझ्याकडे सोपव. आईला कसं बसवायचं ते मला ठाऊक आहे. तू चित्रकाराला एवढंच विचार, की दिवाळीनंतर तीन दिवस कोल्हापूरला येऊन राहायला जमेल का. उतरायची सोय आपल्या माडीवर होईल, तिथली खिडकी उत्तरेची आहे. त्याचा प्रवासखर्च मी देईन. कळव म्हणजे तारखा पक्क्या करतो.

तुझा,
मामा