डोंगरावरील सर्पशोध

बोळिंजच्या मोकळ्या शेतांतून पूर्वेकडे पाहिले म्हणजे प्रथम विरारचा जीवदानीचा डोंगर दिसतो आणि त्याच्या दक्षिणेस तुंगारेश्वराची दाट रांग. पहिला पाऊस पडला, की या रांगेतील ओहोळ खळाळू लागतात, बेडूक ओरडू लागतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे भक्षक सापही बाहेर पडतात. तुंगारेश्वर हे 2003 सालापासून अभयारण्य आहे. तेव्हा तेथे साप पाहावयास जाणाऱ्याने वनखात्याची अनुमती घ्यावी, सोबत जाणता मार्गदर्शक असावा, पायांत उंच बूट असावेत आणि हातात पुढचे गवत चाळण्यापुरती एक लांब काठी असावी. मुलांनो, ही काठी सापावर उगारावयाची नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

साप शोधण्याचे खरे साधन म्हणजे डोळे. सापास बाह्य कान नसतात. परंतु जमिनीतून येणारी कंपने त्यास तत्काळ जाणवतात. आपण पाय आपटीत गेलो, तर तो केव्हाच निघून जातो. म्हणून दहा पावले चालावे आणि थांबावे. झुडपातील एखादी हिरवी डहाळी वारा नसताना डोलत असेल, तर ती हरणटोळ असण्याचा संभव असतो. त्याचे निमुळते मुख आणि आडव्या फटीसारखी बाहुली पाहून ओळख पटते. बांबूच्या बेटात मात्र अधिक सावध राहावे. तेथे चापडा नावाचा हिरवा विषारी साप तासन् तास निश्चल बसून राहतो. त्याचा डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक लहानसा खळगा असतो. त्या खळग्याच्या योगाने काळोखातही उंदराच्या अंगाची ऊब त्यास कळते. चढण चढताना आधारासाठी न पाहता फांदी धरण्याची सवय किती घातक आहे, हे चापडा एकदा पाहिला म्हणजे निराळे सांगावे लागत नाही. मार्गदर्शकाने एखादा दगड उलटून खालचा किडा-साप दाखविला, तर तो दगड पुन्हा होता तसाच ठेवावा. ते कोणाचे तरी घर असते.

पूर्वी आपल्या कोकणात सापांचा शोध निराळ्याच हेतूने होत असे. रत्नागिरी जिल्ह्याच्या कातळावर फुरशी विपुल. इंग्रजी अमलात सरकारने मारलेल्या फुरशामागे बक्षीस लावले, तेव्हा 1862च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत लोकांनी 1 लाख 15 हजारांहून अधिक फुरशी मारून आणली! एवढा संहार होऊनही फुरसे काही त्या भूमीवरून नाहीसे झाले नाही. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरील लस सिद्ध होऊ लागली. मग त्याच कातळावर फुरशी जिवंत धरण्यासाठी माणसे दगड उलथू लागली. त्यांचे विष काढून घोड्यांना अल्प मात्रेत टोचीत आणि घोड्यांच्या रक्तातून औषध मिळवीत. मारलेल्या लाख फुरशांपेक्षा धरलेल्या काहींनीच माणसाचे अधिक हित केले, असे मला वाटते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप मारणे वा बाळगणे हा गुन्हा ठरला आहे.

नुसत्या पाहण्यातून काय हाती लागते, याचे एक उदाहरण सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या जंगलात घडले. तेथे रात्री ओढ्याकाठच्या झाडांवर हिंडणारा एक मांजऱ्या साप अभ्यासकांना दिसला. तो ज्ञात असलेल्या कोणत्याही जातीशी जुळेना. त्यांनी चिकाटीने त्याच्यावर नजर ठेवली, तेव्हा तो रातबेडकांची अंडी खातो, असे आढळले. 2019 साली ही नवी जात म्हणून जाहीर झाली. ज्यांना तो प्रथम दिसला, त्या तेजस ठाकरे यांच्या नावावरून तिला ‘बोइगा ठाकरेयी’ हे नाव मिळाले. सह्याद्रीत या कुळातील नवी जात सापडण्यास सव्वाशे वर्षे लागली होती. आणि हा साप तर सारा काळ तेथेच होता.

इतके करूनही दंश झालाच तर काय करावे? जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये आणि मांत्रिकाच्या दारी एक क्षणही दवडू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्यास वाहनातून सरकारी रुग्णालयात न्यावे. सापाच्या मागे लागून वेळ घालवू नये. लक्षणांवरून डॉक्टरांना उपचार ठरविता येतो. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. चापड्याच्या विषासाठी ती बनविलेली नाही. त्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही. परंतु वेदना व सूज फार होते. तुंगारेश्वराच्या बांबूंत तो दिसला, तर चार-पाच हात दूर उभे राहून पाहावे, त्याच्या डोक्याचा आकार वहीत काढावा आणि त्यास तेथेच बसू द्यावे.